६२ विरुद्ध ३२ : बार्लीचा एक झुकलेला मार्कर

प्रश्न : दोन रांगांच्या आणि सहा रांगांच्या बार्लीचा संकर केला आणि एफ-१ (संकराच्या पहिल्या पिढीच्या) रोपांचे परागकोश माध्यमावर वाढवून, म्हणजे परागकोश संवर्धनातून, ९४ डीएच वंश (परागकणातला एकेरी गुणसूत्रसंच दुप्पट होऊन बनलेले) मिळवले. २एच गुणसूत्रावरच्या एका एसएसआर मार्करला (डीएनएमधली खूण, जिची लांबी दोन्ही पालकांत वेगळी असते) १:१ ऐवजी ६२:३२ आलं. जास्तीचे सगळे सहा रांगांच्या पालकाकडचे. मार्गदर्शक म्हणतात, वाचण्यात चूक झाली असेल, मार्कर वगळून टाक. वगळू का?

उत्तर : इतक्यात नको. आधी हिशेब. अपेक्षा ४७-४७ची, फरक दोन्हीकडे १५चा, म्हणून काय-वर्ग (अपेक्षेपासून किती फरक पडला त्याचं माप) ९.५७. पाच टक्क्यांची मर्यादा ३.८४ आहे. निव्वळ योगायोगाने एवढं झुकणं हजारात दोनेकदा घडेल. अर्थात दोनशे मार्करांतला सर्वांत वाकडा तेवढा मला कळवला असेल, तर माझं नवल बरंच कमी होईल.

आता शेजारचे मार्कर बघा. बार्लीची गुणसूत्रं सातच, तेव्हा २एचवर तुमच्याकडे आणखी काही मार्कर असणारच. ते नकाशातल्या क्रमाने मांडा आणि प्रत्येकासमोर दोन्ही पालकांचे आकडे लिहा. तीन सेंटिमॉर्गनवरचा (एक सेंटिमॉर्गन म्हणजे साधारण शंभरात एक पुनर्संयोग, अर्थात पालकांच्या तुकड्यांची अदलाबदल) मार्कर ४७:४७ दाखवत असेल तर मार्गदर्शकांचं बरोबर. कारण एवढ्या अंतरात ९४ वंशांमध्ये जेमतेम तीन पुनर्संयोग व्हायचे, त्यातून १५ वंश इकडचे तिकडे होणार कसे? तिथे जेलवर मार्करचा पट्टा अस्पष्ट उमटलाय किंवा प्लेट उलटी वाचली गेलीय. पण शेजारी ६०:३४, मग ५६:३८, आणि दूर जाता जाता १:१ असा उतार दिसला, तर झुकाव रोपांतच आहे.

तुमच्या संकरात एक फुकटची तपासणीही दडलेली आहे. रांगांची संख्या ठरवणारं व्हीआरएस-१ जनुक याच २एचवर आहे. २००७मध्ये ते वेगळं करून ओळखलं गेलं. ते शाबूत असलं की बाजूची फुलं वांझ राहतात आणि ओंबी दोन रांगांची होते. निकामी झालं की सहा रांगांची. डीएच वंश समयुग्मी (जनुकाच्या दोन्ही प्रती एकसारख्या) असल्याने अधलंमधलं काही नसतं. ओंब्या बाहेर पडल्या की शेतात जाऊन मोजा. मार्कर त्या जनुकाजवळचा असेल आणि सहा रांगांचे वंशही साठाच्या आसपास भरले, तर जेलवर संशय घ्यायला जागाच उरत नाही.

मग झुकाव आला कुठून? परागकोशात दोन्ही ॲलीलचे (जनुकाच्या दोन रूपांचे) परागकण सारख्याच संख्येने असतात, पण त्यातले फार थोडे माध्यमावर तग धरून हिरवी रोपं होतात. बार्लीत पांढरी, हरितद्रव्य नसलेली रोपं किती निघतात हे तुम्ही पाहिलंच असेल. ती मोजणीत येतच नाहीत. म्हणजे मोजण्याआधीच निवड झालेली असते. संवर्धनाला साथ देणारं एखादं जनुक जिंकतं आणि शेजारच्या मार्करना ओढत नेतं. हॉर्डियम बल्बोझम या बार्लीच्या रानटी नातलगाशी संकर करून मिळवलेल्या डीएच वंशांत, जिथे बल्बोझमची गुणसूत्रं गर्भातच गळून पडतात, हा झुकाव कमी दिसतो.

मार्कर काढलात तर नेमक्या याच जागी नकाशाला भोक पडेल. झुकाव एकाच जनुकामुळे असेल तर मार्करांमधली अंतरं फारशी बिघडत नाहीत. फक्त त्या भागातल्या गुणाचा परिणाम पकडणं जरा अवघड होतं, कारण एका बाजूला ३२च वंश आहेत. एफ-१चं बी उरलं असेल तर त्यातून पुढची पिढी, एफ-२, पेरा. तिथे १:२:१ आलं, तर संवर्धनाकडे बोट दाखवता येईल.

प्रश्न : आमच्याकडे फक्त प्रभावी मार्कर (पट्टा आहे की नाही एवढंच दाखवणारे) आहेत. डीएच वंशांसाठी चालतील ना?

उत्तर : १:१ मोजायला चालतील, एफ-२मध्ये मात्र विषमयुग्मी (जनुकाच्या दोन प्रती वेगळ्या असलेली) रोपं ओळखता येणार नाहीत. डीएचमध्येही एक अडचण आहे. परागकोशाच्या भिंतीतून उगवलेलं रोप एफ-१सारखंच विषमयुग्मी असतं आणि प्रभावी मार्करला ते डीएच वाटतं. दोन्ही पट्टे दाखवणारे चार-पाच एसएसआर कुणाकडून तरी मागून घ्या आणि आधी अशी रोपं वेचून काढा.