कापड उलटं करून बघ

प्रिय,

आजीवर लिहिलेलं वाचलं. मनापासून लिहिलंयस, यात शंका नाही. पण प्रेमळ, कष्टाळू, हसतमुख, सगळ्यांचं करणारी ही आजी कुणाचीही असू शकते. नाव बदललं तर बाकी एक ओळही बदलावी लागणार नाही. आणि जे तिचं एकटीचं होतं, ते भरतकाम तू एका वाक्यात उरकलंयस: ‘तिच्या हातात जादू होती.’ एकदा जादू म्हटलं की पुढे विचारायला काही उरत नाही.

म्हणून सुरुवात तिच्या कामापासून कर. तिने भरलेला एखादा तुकडा घे, खिडकीपाशी जा आणि उलटा कर. वरची बाजू लोकांनी बघावी म्हणून असते, मागे मात्र सगळा कारभार उघडा पडतो. एका पानावरून दुसऱ्या पानावर दोरा तसाच ओढत नेलाय, की दर वेळी कापून नव्याने सुरुवात केलीय? गाठी मारल्यात, की दोऱ्याचं टोक टाक्यांखाली सरकवून दडवलंय? एखाद्या पाकळीत मध्येच रंगाची छटा बदललेली दिसेल. दोरा संपला असेल, किंवा तिला ती तशीच हवी असेल. घट्ट विणीच्या कापडावर उसवलेल्या टाक्यांची बारीक भोकं राहून जातात. तशी रांग दिसली, की तिथे आधी काहीतरी वेगळं होतं आणि ते तिला पटलं नाही, असं समजायला हरकत नाही. शिवाय मागच्या दोऱ्यांपर्यंत उजेड कमी पोचतो, त्यामुळे तिने निवडलेले रंग तिथेच जास्त शाबूत असतात. वरून फिका वाटणारा गुलाबी मागे चांगला भडक निघाला, तर तुझ्या लेखातली ‘सौम्य आवडीची’ आजी जरा तपासून बघावी लागेल!

मग घरातल्या मोठ्यांकडे जा. ‘ती कशी होती?’ असं विचारू नकोस. त्याचं उत्तर ठरलेलं असतं, आणि ते तू आधीच लिहिलंयस. तोच तुकडा त्यांच्या हातात दे आणि विचार: हा कुणासाठी केला? नक्षी कुठून उचलली? भरायला कधी बसायची, कुठे बसायची? कात्रीला कुणी हात लावला तर काय व्हायचं? साल कुणालाच आठवणार नाही. ‘धाकट्याच्या जन्माआधी की नंतर?’ असं विचारलंस तर आठवेल. परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्ड कर, आणि समोरचा बोलता बोलता थांबला तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नकोस. बरंचसं महत्त्वाचं त्या थांबण्यानंतर येतं. दोघांनी दोन गोष्टी सांगितल्या तर दोन्ही लिही. निवाडा करायला तुला कुणी बसवलेलं नाही.

हे वेळेत केलं नाही तर काय जातं, ते बहिणाबाई चौधरींकडे बघून कळतं. १८८० सालचा जन्म, लिहिता-वाचता येत नव्हतं, गाणी काम करता करता ओठांवर यायची. घरच्यांनी त्यातली काही उतरवून घेतली म्हणून १९५२ मध्ये, त्या गेल्यावर, ती छापून आली. जी कुणी लिहून घेतली नाहीत, ती गेली.

याच्या अगदी उलट अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या मेरी डिलेनी. वयाच्या ७२व्या वर्षी त्यांनी रंगीत कागद कातरून फुलांची चित्रं करायला घेतली, नजर साथ देईनाशी होईपर्यंत साडेनऊशेहून जास्त केली, आणि बऱ्याच चित्रांमागे तारीख अन् ठिकाण लिहून ठेवलं. आज ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. आपल्या आज्या एवढ्या शिस्तीच्या नसतात, तेव्हा ते काम तुझं. प्रत्येक तुकड्याचा पुढून-मागून फोटो काढ, शेजारी पट्टी ठेव, कुणासाठी आणि साधारण कधी ते लिही. जुन्या फोटोंच्या मागे बॉलपेन नको, मऊ पेन्सिलने कडेला हलकेच लिही. कापड प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नकोस, धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात सैलसर गुंडाळून ठेव. घडी घालावीच लागली तर अधूनमधून जागा बदल, नाहीतर त्याच रेषेवर धागे तुटतात. फ्रेम करून उन्हाच्या भिंतीवर तर मुळीच लावू नकोस, उडालेला रंग परत येत नाही. रेकॉर्डिंगच्या प्रती दोन-तीन ठिकाणी असू देत.

तिचा तापटपणा गाळू नकोस, एवढंच म्हणेन. काम बिघडलं की चिडणारी बाई आपल्या कामाला किंमत देत असते.

आता एक राहिलं. ‘शेवटची काही वर्षं तिने सुई हातात घेतली नाही’ असं लिहून तू सरळ पुढे निघून गेलायस. का नाही घेतली? डोळे गेले, बोटं आखडली, की ज्यांच्यासाठी करायची ती माणसं उरली नव्हती? अमेरिकेतल्या ॲना मेरी रॉबर्टसन मोझेस लोकरीने चित्रं भरायच्या. संधिवाताने सुई धरवेना, तेव्हा सत्तरी उलटल्यावर त्यांनी ब्रश हातात घेतला आणि त्याच चित्रांनी त्यांचं नाव झालं. तुझ्या आजीनेही दुसरं काही धरलं असेल: कुणाला टाके शिकवले असतील, दुसऱ्यांच्या नक्षीत चुका काढल्या असतील, नाहीतर खरोखरच सगळं मिटून ठेवलं असेल. त्या वर्षांत तिच्यासोबत कोण राहत होतं, त्यांना गाठ. हे कळेपर्यंत शेवटचा परिच्छेद लिहू नकोस. बाकीचा मसुदा आधी पाठवलास तरी चालेल. लांबीची काळजी नको, कापाकापी आपण नंतर मिळून करू.

तुझा,
काका