उपग्रहातलं घड्याळ आणि बंद पाकीट

या महिन्याच्या पत्रांत दोनच विषय पुन्हा पुन्हा आले: वेगामुळे मंदावणारा काळ, आणि सरकारं लपवून ठेवतात त्या गोष्टी. काही पत्रांत तर दोन्ही एकाच वाक्यात होते. मी वर्षानुवर्षं पदार्थविज्ञान शिकवलं, आता माहिती अधिकाराचे अर्ज लिहायला लोकांना मदत करतो. त्यामुळे दोन्ही प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचे आहेत.

प्रश्न: प्रकाशाच्या वेगानं गेलं तर काळ थांबतो असं वाचलं. मग तो प्रवासी कधीच म्हातारा होणार नाही का?
(अकरावीची विद्यार्थिनी, नागपूर)

उत्तर: थांबत नाही, कारण तिथपर्यंत पोचताच येत नाही. ज्याला वस्तुमान आहे त्याला कितीही ऊर्जा दिली तरी ते प्रकाशाच्या वेगाच्या जवळ जातं, तो गाठत नाही. जवळ जाताना काय होतं याचा हिशेब मात्र पक्का आहे. प्रकाशाच्या दहा टक्के वेगाला घड्याळात फरक पडतो जेमतेम अर्धा टक्का. 87 टक्के वेगाला घड्याळ निम्म्या गतीनं चालतं, आणि 99.5 टक्क्यांना दहापट सावकाश. तू त्या वेगानं जाऊन परत आलीस आणि तुझं एक वर्ष गेलं असेल, तर नागपुरात दहा वर्षं उलटलेली असतील. यानात मात्र तुला काहीच वेगळं जाणवणार नाही. नाडी तशीच चालेल, भूकही वेळेवरच लागेल. तुझ्या हिशेबानं तू एका वर्षानंच मोठी झालेली असशील.

यान लांब राहिलं, पुरावा तुझ्या हातातून जातोय. वैश्विक किरण वातावरणात आदळले की साधारण 15 किलोमीटर उंचीवर म्यूऑन नावाचे कण तयार होतात. त्यांचं सरासरी आयुष्य 2.2 मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या दुप्पट-सव्वादुप्पट. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा 660 मीटरच जातो. त्या हिशेबानं ते वरच संपायला हवेत. पण ते इतके वेगवान असतात की आपल्या दृष्टीनं त्यांचं आयुष्य लांबतं आणि ते जमिनीपर्यंत येतात. तळहात आडवा धर, दर सेकंदाला साधारण एक म्यूऑन त्यातून आरपार जातो. उटीला टीआयएफआर म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या ग्रेप्स-3 प्रयोगात हे कण रात्रंदिवस मोजले जातात. कधी तिकडे गेलीस तर जरूर चौकशी कर.

प्रश्न: कामानिमित्त सतत विमानानं फिरतो. माझं वय इतरांपेक्षा हळू वाढतं का?
(एक वाचक, पुणे)

उत्तर: दिशेवर अवलंबून आहे! ऑक्टोबर 1971 मध्ये हाफेले आणि कीटिंग या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी सीझियमची चार अणुघड्याळं घेऊन साध्या प्रवासी विमानांतून पृथ्वीप्रदक्षिणा केली, एकदा पूर्वेकडून आणि एकदा पश्चिमेकडून. पूर्वेकडे गेलेली घड्याळं जमिनीवरच्या घड्याळापेक्षा 59 नॅनोसेकंद मागे पडली, पश्चिमेकडे गेलेली 273 नॅनोसेकंद पुढे गेली. पृथ्वी पूर्वेला फिरते, म्हणून पूर्वेच्या विमानाचा एकूण वेग जास्त होतो. शिवाय उंचीवर गुरुत्वाकर्षण थोडं कमी, त्यामुळे तिथं घड्याळ जलद चालतं. दोन्हींची बेरीज-वजाबाकी होऊन हे आकडे येतात. एक नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा शंभर कोटीवा भाग, तेव्हा वयाची चिंता नको.

प्रश्न: जीपीएस मूळचं अमेरिकी लष्कराचं. सापेक्षतेचं, म्हणजे वेगामुळे आणि उंचीमुळे घड्याळात पडणाऱ्या फरकाचं, खरं गणित त्यांनी जगापासून लपवून ठेवलं होतं, असं एका व्याख्यानात ऐकलं. खरं आहे का?
(निवृत्त सर्वेक्षक, रत्नागिरी)

उत्तर: लपवालपवी झाली होती, पण ती वेगळ्या गोष्टीची. तुम्ही सर्वेक्षक आहात म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून सेकंदाला जवळपास 4 किलोमीटर वेगानं फिरतात. वेगामुळे त्यांचं घड्याळ दिवसाला 7 मायक्रोसेकंद मागे पडतं, उंचीमुळे 45 मायक्रोसेकंद पुढे जातं. शिल्लक राहतात 38 मायक्रोसेकंद. एवढ्या वेळात प्रकाश 11 किलोमीटरांहून जास्त जातो, यावरून ठिकाण किती चुकेल याचा अंदाज करा. 1977 साली चाचणीचा एनटीएस-2 उपग्रह सोडला तेव्हा ही दुरुस्ती खरंच लागेल का याविषयी शंका होती. म्हणून दुरुस्ती करणारं उपकरण सोबत दिलं, पण सुरुवातीला बंद ठेवलं. सुमारे वीस दिवस घड्याळ तसंच चालू दिलं. फरक निघाला तो भाकिताच्या एका टक्क्याच्या आत. मग ते उपकरण सुरू केलं.

हे गणित उघड आहे. नागरी संकेताच्या, म्हणजे सर्वसामान्यांसाठीच्या सिग्नलच्या, जाहीर तांत्रिक दस्तऐवजात दुरुस्तीची सूत्रं छापलेली असतात, नाहीतर कुणालाच रिसीव्हर बनवता आला नसता. लष्करानं राखून ठेवली होती ती अचूकता. नागरी संकेतात मुद्दाम गोंधळ मिसळला जाई आणि ठिकाण शंभर मीटरपर्यंत चुके. त्यावर उपाय निघाला तोही अमेरिकेतच. ज्याचं स्थान अगोदरच अचूक मोजलेलं आहे अशा ठिकाणी रिसीव्हर ठेवायचा, चूक मोजायची आणि आसपासच्या सगळ्यांना कळवायची. तिथल्या तटरक्षक दलानंच जहाजांसाठी अशी सेवा सुरू केली. एका सरकारी खात्यानं घातलेला गोंधळ दुसरं खातं काढून टाकत होतं. अखेर 2 मे 2000 रोजी हा गोंधळ बंद झाला.

दुसऱ्याच्या घड्याळावर विसंबण्याची अडचण भारतानं ओळखली आणि जीपीएससारखी स्वतःची उपग्रह यंत्रणा, ‘नाविक’, उभी केली. त्यातही पहिल्या उपग्रहावरची आयात केलेली अणुघड्याळं बंद पडली. 29 मे 2023 ला सोडलेल्या एनव्हीएस-01 वर देशात बनवलेलं रुबिडियम घड्याळ गेलं, याचा मला मनापासून आनंद झाला.

प्रश्न: अमेरिकेच्या माजी गुप्तचर अधिकाऱ्यानं संसदेसमोर शपथेवर सांगितलं की परग्रहावरची यानं सरकारकडे आहेत. प्रकाशाच्या वेगाचं तंत्रज्ञान खरंच दडवलं असेल का?
(अभियंता, पणजी)

उत्तर: डेव्हिड ग्रश यांची ती साक्ष 26 जुलै 2023 ची. ते बोलले याबद्दल त्यांचा छळ होता कामा नये, हे माझं ठाम मत आहे. पण साक्ष नीट ऐका. यान आपण स्वतः पाहिलेलं नाही, चाळीसहून अधिक लोकांशी बोलून हे सांगतो आहोत, असं त्यांनीच सांगितलं. मार्च 2024 मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या अशा गोष्टी तपासणाऱ्या कार्यालयानं अहवाल दिला की असा पुरावा सापडला नाही. तो अहवाल सरकारचाच, म्हणून तुम्ही त्यावरही शंका घ्याल, आणि ते चुकीचं नाही.

शंका उरतेच, तर ऊर्जेकडे पाहा. एक किलो वस्तू प्रकाशाच्या 87 टक्के वेगाला न्यायची तर सुमारे 2,500 कोटी युनिट वीज लागते. एका किलोला! फाईल कपाटात राहते, एवढी ऊर्जा लपून राहत नाही. निसर्गाचे नियम तर अजिबात नाहीत. गप्प राहणंही कधी कधी सगळं सांगून जातं. 1942 साली सोव्हिएत शास्त्रज्ञ फ्ल्योरॉव्ह यांना दिसलं की अणुविखंडनावरचे अमेरिकी शोधनिबंध छापून येणं एकाएकी थांबलंय. ज्यांची नावं कायम दिसायची तेच सगळे गप्प. तिकडे बॉम्बवर काम सुरू झालं असणार हे त्यांनी ताडलं आणि थेट स्टालिनला पत्र लिहिलं.

आता ग्रश यांच्या शेजारी डॅनियल एल्सबर्ग हे सरकारी गुपित फोडणारे अमेरिकी विश्लेषक ठेवून बघा. व्हिएतनाम युद्धाबद्दल सरकार लोकांशी काय खोटं बोललं, त्याची 7,000 पानं त्यांनी वर्तमानपत्रांना दिली. जून 1971 मध्ये ती छापली जाऊ लागली, त्याच वर्षी ती घड्याळं विमानात बसली होती. ती पानं कुणीही वाचून पडताळू शकत होतं. माझी कसोटी हीच आहे. परग्रहाच्या यानाचा एक तुकडा चार देशांच्या प्रयोगशाळांत जाऊ द्या, मी लगेच ऐकायला बसेन.

प्रश्न: केंद्र सरकारच्या एका कंपनीत नोकरीला आहे. न झालेल्या कामांची बिलं मंजूर होताना पाहतो. बोललो तर ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट लागेल, असं साहेब सुचवतात. काय करू?
(एक वाचक, नांदेड. मूळ पत्र नष्ट केलं आहे.)

उत्तर: या महिन्यातलं सगळ्यात महत्त्वाचं पत्र तुमचं आहे.

आधी भीतीबद्दल. तो कायदा 1923 चा, इंग्रजांच्या काळातला. तो ढोबळ लिहिलेला आहे म्हणूनच धमकीला सोयीचा पडतो. पण कागदावर ‘गोपनीय’ शिक्का मारल्यानं खोटं बिल राष्ट्राचं गुपित होत नाही. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याचं कलम 22 सांगतं की विसंगती असेल तिथं हा नवा कायदा वरचढ. 10 एप्रिल 2019 ला राफेल प्रकरणात, कागद बेकायदा मिळवलेत म्हणून पाहू नका, हा सरकारचा आक्षेप सर्वोच्च न्यायालयानं फेटाळला.

संरक्षणाबद्दल मात्र खोटा धीर देणार नाही. आतला गैरव्यवहार उघड करणाऱ्या माणसाला मराठीत ‘जागल्या’ म्हणतात, रात्री गावाची राखण करणारा. जागल्यांसाठीचा कायदा 2014 मध्ये संमत झाला, राष्ट्रपतींची सहीही झाली, पण तो लागूच केला गेला नाही. मला याचा संताप येतो. महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार पंतप्रधान कार्यालयाला कळवताना सत्येंद्र दुबे या अभियंत्यानं नाव गुप्त ठेवा असं लिहिलं होतं. ते राखलं गेलं नाही. नोव्हेंबर 2003 मध्ये गयेत त्यांचा खून झाला. तळेगाव दाभाड्याच्या सतीश शेट्टींना 13 जानेवारी 2010 ला मारलं, ते माहिती अधिकारातून जमिनीचे व्यवहार बाहेर काढत होते.

दुबे यांच्या मृत्यूनंतर 2004 मध्ये पीआयडीपीआय नावाचा, तक्रारदाराची ओळख जपणारा केंद्र सरकारचा ठराव आला. तुमच्यासाठी आज तोच रस्ता आहे. तक्रार केंद्रीय दक्षता आयोगाला बंद पाकिटातून टपालानं पाठवा, ईमेल नको. पाकिटावर ही पीआयडीपीआयखालची तक्रार आहे एवढं ठळक लिहा, स्वतःचं नाव-पत्ता बाहेर लिहू नका. आत मात्र लिहा, कारण निनावी तक्रार घेतली जात नाही. पोच येणार नाही, ती ओळख जपण्यासाठीच देत नाहीत, तेव्हा चौकशीची पत्रं पाठवू नका. मजकुरात बिलाचा क्रमांक, तारीख, रक्कम, जागा द्या. ‘मी त्या दिवशी साइटवर होतो’ अशी तुम्हाला ओळखू देणारी वाक्यं टाळा. ज्या कागदापर्यंत फक्त तुमचाच हात पोचतो, त्याचा उल्लेख करण्याआधी दोनदा विचार करा.

राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना हा मार्ग नाही. त्यांच्यासाठी लोकायुक्त आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा क्रमांक आहे.

तक्रारीची एक प्रत भरवशाच्या वकिलाकडे ठेवा. ऑफिसच्या संगणकावर ती टाइप करू नका, तिथल्या प्रिंटरवरही काढू नका.