खगोलभौतिकीतला उन्हाळी प्रकल्प बीएस्सीला असताना करावा का?

तुमचा प्रश्न असा, की बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षानंतर उन्हाळी प्रकल्प घेतला तर हातून खरंच संशोधन होतं का, की नुसतं प्रमाणपत्र मिळतं. माझं मत: जरूर घ्या. नवा शोध बहुधा लागणार नाही. पण आलेल्या संदेशातलं आकाशाचं काय आणि जमिनीवरचं काय, हे ओळखायची नजर तिथे तयार होते.

माझा प्रकल्प पुण्यात पल्सारवर होता. पल्सार म्हणजे स्वतःभोवती वेगाने फिरणारा मृत तारा; त्याच्या रेडिओलहरी आपल्याला ठरावीक अंतराने ठोक्यांसारख्या मिळतात. डेटा खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा. नारायणगावजवळच्या या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत. माझ्या वाट्याला आला बी०३२९+५४ हा पल्सार. तो साधारण ०.७१ सेकंदात स्वतःभोवती एक फेरी मारतो आणि इतका ठळक आहे, की त्याचे सुटे ठोकेही दिसतात.

हा डेटा आलेखावर मांडतात: आडवा वेळ, उभी वारंवारता. सरळ उभी रेघ म्हणजे सगळ्या वारंवारता एकाच क्षणी आल्या. असं बहुतेक जवळपासच्या विजेच्या तारांवर ठिणगी उडाली की होतं. लांबलचक आडवी पट्टी म्हणजे कुणाचं तरी सतत चाललेलं प्रक्षेपण. पल्सारचा ठोका मात्र वाकलेला दिसतो. वाटेतल्या मुक्त इलेक्ट्रॉनांमुळे कमी वारंवारतेच्या लहरी मागे पडतात. या पल्सारच्या बाबतीत ४०० मेगाहर्ट्झचा ठोका आधी येतो आणि ३०० चा त्यानंतर अर्ध्या सेकंदाहून थोडा उशिरा. हा उशीर मी सूत्राने काढला, मग आलेखावर मोजला, आणि दोन्ही जुळले. पाठ्यपुस्तकातली ओळ खरी असते हे तेव्हा मला पहिल्यांदा आतून पटलं.

बाकीचा बहुतेक वेळ नको तो डेटा काढण्यात जातो. ते काम कंटाळवाणं म्हणून सोडू नका, खरं शिक्षण तिथेच होतं. काढलेल्या प्रत्येक तुकड्यामागे मार्गदर्शक एकच विचारायचे: "हा का काढलास?" कारण सांगता आलं नाही, तर तो परत ठेवायचा.

पायथन आणि लिनक्स थोडं आधीच हाताखालून घाला. एनसीआरए आणि आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संस्था आणि विज्ञान अकादम्या यांच्या उन्हाळी योजनांच्या जाहिराती दिवाळीनंतर पाहत राहा. पात्रतेच्या अटी प्रत्येकीच्या वेगळ्या असतात. अर्जात "लहानपणापासून ताऱ्यांची आवड" एवढंच लिहू नका. एखादा आलेख स्वतः काढून पाहिला असेल, तर त्याबद्दल लिहा.