लाईन आली, कूलर नाही आला

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न ईएसपी३२ (वायफाय असलेली छोटी नियंत्रक चिप) आणि वायफायचे आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : घरच्या डेझर्ट कूलरचा पंप आणि पंखा ईएसपी३२ वर चालतो. वायफाय जोडायला वायफायमॅनेजर लायब्ररी वापरली आहे. लाईन जाऊन आली की निम्म्या वेळा कूलर जोडलाच जात नाही, मोबाइलवर ‘कूलर-सेटअप’ नावाचं नेटवर्क दिसत राहतं. बंद करून चालू केला की ठीक. सप्लाय बदलू की राउटर? – एक वाचक, त्रिमूर्तीनगर

दोन्ही राहू द्या. लाईन आल्यावर ईएसपी३२ दोन-तीन सेकंदांत उठतो. फायबरचा डबा आणि राउटर यांना मात्र दीड-दोन मिनिटं लागतात. तेवढ्यात तुमचा प्रोग्राम नेटवर्क शोधतो, ते सापडत नाही, मग स्वतःचं सेटअपचं नेटवर्क उघडून बसतो. या लायब्ररीत पोर्टलला, म्हणजे या सेटअपच्या नेटवर्कला आणि त्यावरच्या पानाला, मुदत दिली नाही तर ते कायम उघडं राहतं. ‘सेट कॉन्फिग पोर्टल टाइमआउट’ला १८० द्या आणि मुदत संपल्यावर रीस्टार्ट करा. एवढ्यानं तुमची तक्रार मिटेल.

पण आमचं मत विचाराल तर पोर्टल आपोआप उघडूच नये. पासवर्ड एकदा साठवला की यंत्रानं फक्त प्रयत्न करत राहावं : ५ सेकंदांनी, मग १०, २०, ४० असं वाढवत ५ मिनिटांपर्यंत, आणि पुढे दर ५ मिनिटांनी. पोर्टल हवं तर डब्यावरचं बटण ५ सेकंद दाबून. कारण हे पोर्टल बहुतेकांकडे बिनपासवर्डचं असतं. शेजारच्या फ्लॅटमधलं कोणीही त्यात शिरून कूलर स्वतःच्या नेटवर्कला जोडू शकतं. शिवाय त्या पानावर तुम्ही घरच्या वायफायचा पासवर्ड टाइप करता तो उघड्या हवेतून, साध्या एचटीटीपीवर, म्हणजे एन्क्रिप्ट न होता, जातो. जोडणी तुटली की रीस्टार्ट आणि रीस्टार्ट झाला की पोर्टल, असा प्रोग्राम असेल तर आणखी वाईट. डब्ल्यूपीए२ (वायफायची नेहमीची सुरक्षा पद्धत) मध्ये ‘संरक्षित व्यवस्थापन फ्रेम’ म्हणजे पीएमएफ चालू नसेल तर खोट्या डी-ऑथ फ्रेम (‘जोडणी तोड’ असे संदेश) पाठवून बाहेरचा माणूस जोडणी हवी तेव्हा तोडू शकतो. त्यानं तोडायची आणि तुमच्या यंत्रानं दार उघडायचं! पोर्टलला निदान ८ अक्षरांचा पासवर्ड द्या, आणि तो प्रत्येक डब्याला वेगळा असू द्या.

दुसरी चूक याहून नेहमीची आहे. वायफाय जोडण्याची ओळ ‘सेटअप’मध्ये (प्रोग्राम सुरू होताना एकदा चालणाऱ्या भागात) आधी आणि पंपाचा रिले (चालू-बंद करणारा स्विच) नंतर, असा क्रम असेल तर जोडणी होईपर्यंत पंप चालूच होणार नाही. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांवर घरचे लोक तुमच्या प्रोग्रामचं कौतुक करायला थांबणार नाहीत. आधी पंप-पंखा, मग वायफाय, आणि तेही न अडवणाऱ्या पद्धतीनं, म्हणजे जोडणीची वाट पाहत बाकीचा प्रोग्राम न थांबवता.

जोडणी तुटल्यावर कारणाचा आकडा सीरियलवर (यूएसबीनं संगणकावर दिसणाऱ्या नोंदीत) छापा. २०१ म्हणजे नेटवर्क दिसलंच नाही. २०० म्हणजे राउटरचे बीकन (तो सतत पाठवतो ते हजेरीचे संकेत) येणं थांबलं : एकतर राउटर बंद, नाहीतर सिग्नल क्षीण. १५ हा बहुधा चुकीच्या पासवर्डचा, पण सिग्नल कमजोर असला तरी येतो. म्हणून एका १५ वरून साठवलेला पासवर्ड पुसू नका.

सीरियलवर ‘ब्राउनआउट’ (व्होल्टेज खाली गेल्याचा इशारा) दिसलं, तर मात्र दोष सप्लायचाच. वायफायवर पाठवताना ईएसपी३२ सुमारे २४० मिलिॲम्पियर ओढतो, त्यामुळे ३.३ व्होल्टचा सप्लाय निदान ५०० मिलिॲम्पियरचा लागतो. मॉड्यूलच्या सप्लाय पिनपाशी ४७० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक आणि ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावा. गच्चीवरच्या किंवा उन्हातल्या डब्यात इलेक्ट्रोलिटिक १०५ अंशांचाच घ्या, ८५ चा लवकर सुकतो. आणि मॉड्यूल कूलरच्या पत्र्याच्या आत बसवलं असेल तर बाहेर काढा. पत्रा आणि ओली ताटी दोन्ही २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल खातात. जागेवर सिग्नल उणे ७० डीबीएमपेक्षा खाली असेल तर बाहेरच्या अँटेनाचं ‘३२यू’ मॉड्यूल घ्या.

प्रश्न : ओलाव्याचा सेन्सर पिन २५ वर लावला आहे. वायफाय सुरू केलं की रीडिंग बिघडतं. – विद्यार्थी, हिंगणा रोड

पिन २५ एडीसी२ वर (सेन्सरचं व्होल्टेज आकड्यात बदलणाऱ्या दुसऱ्या भागावर) आहे आणि ईएसपी३२ मध्ये तो भाग वायफायच्या कामी लागतो. सेन्सर ३२ ते ३९ यांपैकी एका पिनवर न्या. कोडमध्ये फक्त पिनचा क्रमांक बदलेल.

प्रश्न : काटोलजवळ संत्र्याच्या बागेत सहा नोड (सेन्सरचे डबे) ईएसपी-नाऊनं, म्हणजे राउटरशिवाय थेट, विहिरीजवळच्या गेटवेला (माहिती गोळा करणाऱ्या डब्याला) माहिती पाठवतात. गेटवे राउटरला जोडलेला आहे. महिनाभर उत्तम चाललं, एका सकाळी सगळे सहा एकदम गप्प. बॅटऱ्या भरलेल्या आहेत. – एक बागायतदार

सहाच्या सहा एकदम गेले म्हणजे नोड ठीक आहेत, चॅनेल सरकलं. गेटवे राउटरला जोडलेला असला की त्याला राउटरच्याच चॅनेलवर राहावं लागतं. राउटर ‘ऑटो’वर असेल तर रीस्टार्टनंतर तो ६ वरून ११ वर जातो, गेटवे त्याच्यामागे जातो आणि नोड ६ वर हाका मारत बसतात. राउटरचं चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी एकावर पक्कं करा, रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. नोडमध्येही सोय हवी : सलग तीन संदेश पोहोचले नाहीत तर चॅनेल १ ते १३ तपासून राउटरचं नाव जिथं दिसेल ते चॅनेल घ्यायचं आणि आरटीसी मेमरीत (झोपेतही टिकणाऱ्या मेमरीत) ठेवायचं, म्हणजे झोपेतून उठल्यावर पुन्हा शोधावं लागत नाही. हा शोध बॅटरी खातो, तेव्हा दर वेळी नको.

पाठवताना ब्रॉडकास्ट (सगळ्यांना एकदम पाठवण्याचा) पत्ता वापरत असाल तर तो सोडा. ब्रॉडकास्टला पोच नसते, त्यामुळे संदेश हरवला तरी नोडला ‘यशस्वी’ दिसतं. आणि ब्रॉडकास्ट एन्क्रिप्टही होत नाही. गेटवेचा मॅक पत्ता (यंत्राचा स्वतःचा वायफाय क्रमांक) घालून १६ बाइटची स्थानिक की (एन्क्रिप्शनची किल्ली) द्या. मूळ सेटिंगमध्ये अशा ७ नोडपर्यंत चालतं, तुमचे सहा त्यात बसतात. गेटवेवर वायफायची झोप बंद करा, नाहीतर मधले काही संदेश त्याला ऐकूच येत नाहीत.

याच जाळ्यावर पुढं व्हॉल्व्ह लावणार असाल तर प्रत्येक आदेशात वाढता क्रमांक घाला आणि जुना क्रमांक आला तर तो आदेश टाकून द्या. बहरासाठी पाणी तोडून बाग ताणावर सोडली असताना चुकून दुसऱ्यांदा आलेल्या एका ‘उघड’नं बहराचं गणित चुकतं.

प्रश्न : डबा कोणी चोरला तर त्यातून वायफायचा पासवर्ड काढता येतो का? – लघुउद्योजक, हिंगणा एमआयडीसी

येतो, आणि पाच मिनिटंही लागत नाहीत. यूएसबी केबल लावून ईएसपी-टूल या प्रोग्रामनं अख्खी फ्लॅश (चिपची कायमची मेमरी) वाचता येते. पासवर्ड तिच्या एनव्हीएस (सेटिंग साठवण्याच्या) विभागात साध्या अक्षरांत असतो. फ्लॅश एन्क्रिप्शन आणि सिक्युअर बूट (फक्त तुमची सही असलेला प्रोग्राम चालू देणं) हे त्यावरचे उपाय. दोन्ही ई-फ्यूज (चिपमधल्या एकदाच लिहिता येणाऱ्या खुणा) जाळतात, म्हणजे परत फिरता येत नाही. आधी ‘डेव्हलपमेंट’ मोडमध्ये एक-दोन बोर्डांवर पूर्ण चाचणी करा, ओटीए (वायफायवरून येणारं) अपडेट चालतंय ना ते पाहा, मगच ‘रिलीज’. एनव्हीएसचं एन्क्रिप्शनही चालू आहे ना ते तपासा, हे बरेच जण विसरतात. सिक्युअर बूटची सही करण्याची की हरवली तर विकलेल्या मालाला पुन्हा कधीही अपडेट देता येणार नाही. तिच्या दोन प्रती, दोन ठिकाणी ठेवा.

विक्रीचा माल नसेल, घरापुरतं असेल, तर इतका खटाटोप आम्ही सुचवणार नाही. अशा यंत्रांना वेगळं गेस्ट नेटवर्क द्या. डबा गेला की त्या नेटवर्कचा पासवर्ड बदला.

प्रश्न : एमक्यूटीटी (यंत्रांचे संदेश सर्व्हरला पाठवण्याची पद्धत) साध्या पोर्ट १८८३ वर चालतं, एन्क्रिप्ट होणाऱ्या ८८८३ वर ‘सर्टिफिकेट’ची चूक येते. ‘सेट इनसिक्युअर’ लिहिलं की चालतं. तसंच ठेवू का? – विद्यार्थिनी, नागपूर

नको. त्या ओळीनं संदेश एन्क्रिप्ट होतो, पण पलीकडे तुमचाच सर्व्हर आहे का, हे कोणी तपासत नाही. बहुधा घड्याळ चुकलेलं आहे. ईएसपी३२ उठतो तेव्हा त्याच्या लेखी १९७० साल असतं, म्हणून कुठलंही सर्टिफिकेट त्याला ‘अजून लागू झालेलं नाही’ असं वाटतं. आधी एसएनटीपीनं इंटरनेटवरून वेळ घ्या, साल २०२० च्या पुढं गेलं का ते पाहा, मग जोडा. कोडमध्ये सर्व्हरचं स्वतःचं सर्टिफिकेट चिकटवू नका. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं असेल तर ते जास्तीत जास्त ९० दिवसांत बदलतं आणि यंत्र बंद पडतं. मूळ सर्टिफिकेट घाला : लेट्स एन्क्रिप्टच्या आयएसआरजी रूट एक्स१ ची मुदत जून २०३५ पर्यंत आहे. टीएलएस (ही एन्क्रिप्ट जोडणी) जोडताना ३०-४० किलोबाइट मेमरी मोकळी लागते, तीही सलग.

प्रश्न : नेटवर्कचं नाव लपवलं आणि मॅक फिल्टर (ठरावीक मॅक पत्त्यांनाच प्रवेश) लावला, आता सुरक्षित ना? – एक वाचक, सीताबर्डी

नाही. लपवलेलं नाव तुमचं यंत्रच जोडताना हवेत उच्चारतं, आणि मॅक पत्ता एन्क्रिप्ट केलेल्या फ्रेमवरही उघडाच असतो. तो उचलून कोणीही आपल्या यंत्राला लावू शकतो. त्यापेक्षा डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी पिननं जोडण्याची राउटरची सोय) बंद करा : आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासली जाते, म्हणून जास्तीत जास्त ११,००० प्रयत्न पुरतात. पासवर्ड १६ अक्षरांच्या वर ठेवा. राउटर ‘फक्त डब्ल्यूपीए३’ (डब्ल्यूपीए२ नंतरची पद्धत) वर टाकू नका, जुनी मॉड्यूलं गळतील. डब्ल्यूपीए२-डब्ल्यूपीए३ मिश्र मोड घ्या. आणि २.४ व ५ गिगाहर्ट्झ यांना वेगवेगळी नावं द्या.