गुण मोजण्याआधी पुस्तक उघड

नौपाडा, ठाणे

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

नवी मुंबईतील तुझ्या महाविद्यालयात कला शाखेच्या चार शिक्षकांच्या कॅसच्या, म्हणजे बढतीच्या योजनेच्या, फायली आयक्यूएसीच्या (महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या) वतीने तपासण्याचे काम तुझ्याकडे आले आहे, आणि त्यांतील दोघे तुझ्याहून सेवेने ज्येष्ठ असल्यामुळे तुला संकोच वाटतो, असे तू लिहितेस. संकोच वाटावा, पण त्याचे कारण ज्येष्ठता असू नये. जे आपण वाचलेले नाही त्याच्यावर सही करण्याचा संकोच प्रत्येक तपासणाऱ्याला वाटायला हवा, आणि माझ्या पाहण्यात तो फार थोड्यांना वाटतो. मलाही बरीच वर्षे वाटत नव्हता.

एपीआयची, म्हणजे शिक्षकाच्या कामाला गुण देऊन बढती ठरवण्याची, पद्धत २०१० मध्ये आली. त्यानंतर थोड्याच काळात एका महाविद्यालयात विषयतज्ज्ञ म्हणून मी गेलो होतो. सहा फायली होत्या, एकच दुपार हाताशी होती, आणि संध्याकाळच्या गर्दीआधीची लोकल गाठायची होती. एका अध्यापकाने आगरी गावांतील धवलारिणींकडून, म्हणजे लग्नात गाणाऱ्या स्त्रियांकडून, लग्नविधींचे धवले (विधिगीते) गोळा करून स्वखर्चाने छापले होते. पुस्तकावर आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) नव्हता, म्हणून ते ‘इतर’ या रकान्यात ढकललेले होते आणि त्यापुढे शून्य होते. त्याच बैठकीत दुसऱ्या एका फायलीतील दोन-दोन पानांच्या चार लेखांना पूर्ण गुण मिळाले. मी दोन्ही फायलींवर सही केली. पुढे एका विद्यार्थ्याच्या प्रबंधासाठी ते धवल्यांचे पुस्तक मला वाचावे लागले, तेव्हा दिसले की प्रत्येक गीताखाली गाणारीचे गाव होते, गीत कोणत्या विधीच्या वेळी म्हणतात ते होते, आणि दोन गावांत ओळ बदलत असेल तर दोन्ही रूपे शेजारी-शेजारी दिलेली होती. जुन्या पोथ्यांचे पाठभेद नोंदवताना जी शिस्त लागते तीच ही शिस्त होती, आणि मी ते पुस्तक त्या दुपारी उघडलेदेखील नव्हते. तू ज्या शहरात शिकवतेस ते सिडकोने त्याच गावांच्या जमिनींवर उभारले आहे. त्यामुळे असे पुस्तक तुझ्या समोरच्या फायलीतही असू शकेल.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांतील दुसरा, संशोधनाच्या गुणांचा, तक्ता तुझ्याजवळ असेलच. भाषा, मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांतील शोधलेखाला १० गुण आहेत, विज्ञानात ८. राष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला १०, आंतरराष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला १२, संपादित ग्रंथातील प्रकरणाला ५, अनुवादित पुस्तकाला ८ आणि अनुवादित प्रकरणाला ३. महाविद्यालयातील शिक्षकाला प्राध्यापकपदाच्या, म्हणजे वेतनस्तर १४ च्या, स्थाननिश्चितीसाठी (बढतीसाठी) किमान ११० गुण आणि १० शोधलेख लागतात, आणि त्यांपैकी ३ मूल्यमापनाच्या कालावधीतले असावे लागतात. हा तक्ता तुला टाळता येणार नाही आणि टाळूही नकोस. आकड्यांचा आधार नसता तर गटबाजीला रान मोकळे मिळाले असते, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे. पण तक्ता काय पाहत नाही, हे मात्र तुला ठाऊक असले पाहिजे. दहा पानांच्या लेखाला १० गुण आहेत आणि दहा वर्षांच्या ग्रंथालाही १०. मराठीत लिहिलेले पुस्तक मराठी प्रकाशकच काढणार, तेव्हा ते कितीही मोलाचे असले तरी १२ च्या रकान्यात ते सहसा जाऊ शकत नाही. त्यातच शोधलेखाच्या मूळ गुणांत इम्पॅक्ट फॅक्टरप्रमाणे (नियतकालिकातील लेख सरासरी किती वेळा उद्धृत होतात त्या आकड्याप्रमाणे) भर पडते, आणि आपल्या बहुतेक मराठी नियतकालिकांना तो नसतोच.

सर्वांत मोठा घोळ ‘संपादन’ या एका शब्दाने होतो. चर्चासत्रातील निबंध एकत्र करून वर दोन पानांचे मनोगत लिहिणाराही संपादक, आणि चार पोथ्या समोर ठेवून एका काव्याची संहिता सिद्ध करणाराही संपादक. तक्त्यात राष्ट्रीय प्रकाशकाकडील संपादनाला ८ गुण आहेत, आणि ते दोघांनाही सारखेच मिळतात. हा भेद तक्ता करणार नाही, म्हणून तो तुला करावा लागेल. संहितेचे संपादन हाती आले तर आधी प्रस्तावना वाच: पोथ्या किती पाहिल्या, त्या कुठल्या संग्रहातल्या, मूळ पाठासाठी कोणती पोथी धरली आणि का धरली, हे सांगितले आहे का ते पाहा. मग मधलेच कोणतेही पान उघडून तळटिपांतील पाठभेद तपास. ज्याने पोथ्या खरोखर वाचल्या आहेत त्याच्या तळटिपांत शंका दिसतात, ‘अक्षर पुसट’, ‘पान फाटलेले’ अशा नोंदी दिसतात. ज्याने जुन्या छापील प्रतीवरून नक्कल केली आहे त्याला शंका कधी पडलेलीच नसते.

अनुवादाचेही असेच आहे. बंगाली किंवा कन्नड ग्रंथाचा मराठी अनुवाद असेल तर तो मूळ भाषेतून केला आहे की इंग्रजीवरून, हे अनुवादकाला सरळ विचार. त्यात अपमान काही नाही. दोन पाने मूळाशी ताडून पाहा, आणि ती भाषा तुला येत नसेल तर ज्याला येते त्याची मदत घे. वैचारिक ग्रंथाच्या अनुवादात पारिभाषिक शब्द कसे ठरवले, एकदा ठरवलेला शब्द शेवटपर्यंत टिकला का, एवढे पाहिले तरी अनुवादकाने किती कष्ट घेतले ते कळते. आधीच प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाच्या वाढवलेल्या आवृत्तीकडेही असेच पाहा. आपल्या ठाण्यात १८९३ साली मराठी ग्रंथसंग्रहालय ज्यांच्या पुढाकाराने उभे राहिले ते वि. ल. भावे ‘महाराष्ट्र सारस्वत’ आवृत्तीगणिक वाढवत गेले, आणि त्यांच्या पश्चात शं. गो. तुळपुळे यांनी त्याला पुरवणी जोडली. आजच्या फायलीत अशा आवृत्तीपुढे ‘पुनर्मुद्रण, गुण नाहीत’ असा शेरा पडण्याचा संभव मोठा आहे, आणि तो शेरा मारणाऱ्याने दोन आवृत्त्या शेजारी ठेवून पाहिलेल्या नसतील. तू पाहा.

शोधपत्रिकांविषयी तू जे विचारले आहेस त्याचे उत्तर आता पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. आयोगाने मे २०१८ मध्ये आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळली, मग केअर ही मान्य शोधपत्रिकांची नवी यादी आणली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद केल्याचे जाहीर केले. म्हणजे यादीत नाव आहे की नाही एवढे पाहून सुटका होण्याचे दिवस संपले, आणि पारखण्याची जबाबदारी महाविद्यालयांवर आली. (यादी बंद करण्याचा निर्णय आयोगाच्या ३ ऑक्टोबर २०२४ च्या बैठकीतला. त्याच दिवशी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. हा निव्वळ योगायोग, पण मराठीतील संशोधन आता तरी कोणी वाचून तपासील का, असा प्रश्न माझ्या मनात तेव्हापासून आहे.) अंक हातात घेतल्यावर अनुक्रमणिका वाच. संतसाहित्यावरील लेखाच्या मागे-पुढे रसायनशास्त्र आणि विपणन यांवरचे लेख असतील, तर तो लेख कोणा जाणकाराने तपासला असेल यावर विश्वास ठेवणे कठीण आहे. लेखकाकडे परीक्षकांचे अभिप्राय माग. ज्याचा लेख खरोखर तपासला गेला आहे तो ते काहीशा रागाने, पण लगेच दाखवतो. उलट, ‘नवभारत’ किंवा ‘भाषा आणि जीवन’ यांसारख्या नियतकालिकांना वाचकांनी आणि अभ्यासकांनी दिलेला विश्वास कोणत्याही यादीवर अवलंबून नव्हता, हेही ध्यानात ठेव.

उद्धरणांच्या आकड्यांवर फार विसंबू नकोस. मराठी संशोधनाची दखल घेतली जाते ती बहुधा दुसऱ्या मराठी पुस्तकाच्या तळटिपेत, प्रबंधाच्या संदर्भसूचीत किंवा एखाद्या परीक्षणात, आणि या गोष्टी आंतरराष्ट्रीय निर्देशांकांना दिसत नाहीत. संगणकावर शून्य दिसले म्हणून फायलीवर शून्य लिहिण्याआधी ग्रंथालयात अर्धा दिवस घालव. सहलेखनाचा नियम मात्र काटेकोरपणे लाव. दोघांचा लेख असेल तर प्रत्येकाला ७० टक्के गुण आहेत, आणि विद्यार्थ्याच्या प्रबंधातील प्रकरणावर मार्गदर्शकाचे नाव आधी छापलेले दिसले, तर कोणी काय लिहिले हे विचारण्याचा तुला पूर्ण अधिकार आहे. आपल्या विषयांत लेखन सहसा एकट्याचे असते. ते अचानक दोघांचे का झाले, हा प्रश्न रास्तच आहे.

आता कामाची पद्धत. प्रत्येक शिक्षकाने आपल्या सर्व लेखनातून तीन गोष्टी निवडून मूळ रूपात द्याव्यात, झेरॉक्सची पहिली आणि शेवटची पाने नकोत, अशी विनंती प्राचार्यांमार्फत कर. त्या तिन्ही आधी वाच आणि गुणांचा तक्ता नंतर उघड. आकडा एकदा डोळ्यांपुढे आला की वाचताना आपण त्याचे समर्थन शोधू लागतो. प्रत्येक फायलीला अर्ध्या पानाचे टिपण जोड. त्यात ‘उत्कृष्ट’, ‘मौलिक’ असले शब्द नकोत. या लेखनापूर्वी या विषयात काय ठाऊक होते, याने काय नवे आणले, आणि ते कुठे तोकडे पडते, एवढेच सांग. आयक्यूएसीच्या टिपणाने गुण वाढत नाहीत हे खरे आहे. पण विषयतज्ज्ञांच्या हाती तीन तासांच्या बैठकीत जे एकमेव वाचलेले मत येते ते हेच असते, आणि समोर कागद असला की सही करणाऱ्याला पुस्तक उघडावे लागते. त्या दुपारी माझ्यासमोर असा कागद कोणी ठेवला असता, तर माझी लोकल चुकली असती.

चारांपैकी एक शिक्षिका पूर्वी तुझ्या सहलेखिका होत्या, असे तुझ्या पत्रात ओझरते आले आहे. ती फाइल तू तपासू नकोस, आणि तसे कारणासह लेखी कळव. तोंडी कळवलेस तर पुढे कोणाच्या लक्षात राहणार नाही. उरलेल्या तीन फायलींतील पुस्तके तुझ्या ग्रंथालयात नसतील तर मला नावे पाठव. ग्रंथसंग्रहालयात मी गुरुवारी जातो. तिथे असतील ती माझ्या नावावर काढून ठेवीन, आणि शनिवारी तुला ठाण्याला येऊन ती नेता येतील.

तुझा,
सर