कडक सस्पेन्शन: दणका स्प्रिंगचा नाही, बंप स्टॉपचा असेल

तुमचा प्रश्न असा: स्पोर्ट्स कूपे, १९ इंची रिम, २४५/३५ टायर, आधीच्या मालकाने ३० मिमी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा टाकलेल्या, शॉकअप मात्र मूळचेच. लहानसहान खड्ड्यातही कंबर मोडते, तर मऊ स्प्रिंगा टाकू का?

लगेच नको. आधी हिशोब बघा. पुढच्या एका चाकावर सस्पेन्शनच्या वरचं वजन ३५० किलो धरा. मूळ स्प्रिंग ३६ न्यूटन प्रति मिमी आणि स्ट्रटचा (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेल्या खांबाचा) मोशन रेशो, म्हणजे चाक १ मिमी हललं की स्प्रिंग किती दबते तो आकडा, ०.९५ असेल, तर तो कोपरा सेकंदाला साधारण १.५३ वेळा हेलकावतो. खाली बसवणारी स्प्रिंग त्याहून २५ टक्के कडक, म्हणजे ४५ ची धरली तर आकडा होतो १.७१. म्हणजे वाढ फक्त १२ टक्के, कारण हेलकाव्याचा वेग ताठरपणाच्या वर्गमुळाने वाढतो. साध्या घरगुती गाड्या १ ते १.५ हर्ट्झच्या (सेकंदाला तितके हेलकावे) आसपास असतात, रस्त्यावरच्या स्पोर्टी गाड्या १.५ ते २. त्यामुळे १.७१ ही गाडी ताठ वाटेल, पण कंबर मोडणार नाही. कंबर मोडतेय म्हणजे दुसरंच काहीतरी आदळतंय.

काय आदळतंय ते दणक्याच्या जातीवरून कळतं. रस्त्याचे सांधे, बारीक खडी, कॅट आय यांचा टकटक, कोरडा धक्का स्टिअरिंगपर्यंत येत असेल तर टायर आणि हवा बघा. मध्यम खड्ड्यात ‘धप्प’ आवाज येऊन मणक्याला एकच घट्ट दणका बसत असेल तर बंप स्टॉप, म्हणजे चाकाला वर अडवणारा ठोकळा. लागोपाठच्या उंचवट्यांवर गाडी दर धक्क्याला आणखी कडक होत खाली बसत जात असेल तर शॉकअपचं रिबाउंड, म्हणजे स्प्रिंग परत उलगडताना होणारा विरोध, जास्त आहे. एका बाजूचं चाक खड्ड्यात गेल्यावर डोकं आडवं हलत असेल तर अँटी-रोल बार, म्हणजे डावं-उजवं चाक जोडणारी, गाडी कलू न देणारी दांडी. तुमच्या वर्णनावरून माझा संशय बंप स्टॉपवरच आहे.

तरी सुरुवात हवेपासून, कारण त्याला काही लागत नाही. दाराच्या खांबावरच्या पट्टीवर बहुधा कमी वजनाचा आणि पूर्ण भरलेल्या गाडीचा असे दोन आकडे असतात. बऱ्याच गाड्या कायम दुसऱ्या आकड्यावर, नाहीतर त्याहून वर फिरतात. टायर गार असताना स्वतःच्या गेजने मोजा. चालवून तापलेल्या टायरमधून हवा काढून आकडा जुळवू नका, गार झाल्यावर तो पट्टीच्याही खाली जातो. आणि पट्टीवरच्या कमी वजनाच्या आकड्याखाली मुद्दाम जायचं नाही. ३५ प्रोफाइलच्या, म्हणजे बुटक्या बाजूच्या टायरमध्ये हवा कमी असली की रिमची कड वाकते आणि टायरची बाजू चिरडते.

आता बंप स्टॉप. हा स्ट्रटच्या दांड्यावर बसलेला फोमसारखा ठोकळा. चाक पूर्ण वर गेल्यावर धातूवर धातू आदळू नये म्हणून तो असतो. बऱ्याच गाड्यांत तो शेवटचा थांबा नसून सहायक स्प्रिंगच असतो, लवकर टेकतो आणि दाबला की झपाट्याने कडक होत जातो. मूळ उंचीवर तो टेकायला समजा ३५ मिमी अंतर होतं. गाडी ३० मिमी खाली बसवल्यावर उरले जेमतेम ५. म्हणजे बारीकशा उंचवट्यावरही तुम्ही स्प्रिंगवर नव्हे, ठोकळ्यावर आदळताय.

खात्री करायला डस्ट कव्हर वर सरकवून शॉकअपच्या उघड्या दांड्यावर एक झिप टाय घट्ट बांधा आणि शॉकअपच्या तोंडापर्यंत खाली सरकवा. नेहमीच्या रस्त्यावर, नेहमीच्या वेगाने दोनेक किलोमीटर चालवून या. झिप टाय सरकत जाऊन स्टॉपपर्यंत पोचून दाबला गेला असेल, तर दोषी सापडला. दांड्याचं क्रोम ओरबाडू देऊ नका; पक्कडीने तर दांडा कधीच धरू नका, एका ओरखड्याने सील गळायला लागतं.

उपाय दोन. पहिला, स्प्रिंग बनवणाऱ्याने सांगितला असेल तर ठोकळा आखूड करणे. तो खाचांचा असतो. कापायचा तर खाचेत, धारदार पात्याने, आणि निमुळतं टोक राखून, कारण सुरुवातीची मऊ टेक त्याच टोकामुळे मिळते. वरचं टोक माउंटच्या (स्ट्रटच्या वरच्या बैठकीच्या) खोबणीत अडकत असेल तर कापाकापी न करता मुळात आखूड असलेला स्टॉप घ्या. ठोकळा पूर्ण काढून टाकणं म्हणजे शॉकअपची आतली झडप, फेंडर आणि टायर यांपैकी कोण आधी फुटतं याची वाट बघणं.

दुसरा उपाय मला जास्त पटतो: मूळच्या लांब स्प्रिंगा परत टाका. प्रश्न ‘मऊ की कडक’ असा नसतोच, ‘चाकाला वर यायला जागा किती’ असा असतो. १.७१ हर्ट्झवरची स्प्रिंग गाडीच्या वजनाने चाकापाशी सुमारे ८५ मिमी दबते. तीच १.४ वर आणायची तर ताठरपणा एक तृतीयांशाने कमी करावा लागतो आणि दबणं जातं जवळजवळ १२७ मिमीवर. म्हणजे तेवढ्याच लांबीची मऊ स्प्रिंग टाकली की गाडी आणखी ४ सेंटिमीटर खाली, थेट ठोकळ्यावर. खाली बसलेली गाडी मऊही हवी, हे एकाच वेळी जमत नाही.

स्प्रिंग बदललीच तर शॉकअपचं गणितही बदलतं. स्प्रिंग एक तृतीयांश मऊ झाली की लागणारं डॅम्पिंग साधारण १८ टक्क्यांनी कमी होतं. कडक स्प्रिंगसाठी बनवलेला शॉकअप तसाच ठेवला तर मऊ स्प्रिंगही दगडासारखी वाटते. समायोजनाचे शॉकअप असतील तर बहुतेक एकेरी नॉब मुख्यतः रिबाउंड बदलतो. ‘पूर्ण कडक’ टोकापर्यंत हलकेच फिरवा, तिथून मागे क्लिक मोजा, एका वेळी दोनच, डावा-उजवा सारखे. रस्ता, वेग आणि हवा तीच ठेवा, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही. गतिरोधक ओलांडल्यावर गाडी एकदा वर येऊन स्थिरावली पाहिजे. दुसरा झोका दिसला तर एक क्लिक परत कडक बाजूला. मागची बाजू पुढच्यापेक्षा थोड्या जास्त वारंवारतेची ठेवायची, ही गोष्ट मॉरिस ओली यांनी १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये दाखवून दिली. मागचं चाक उंचवट्यावर उशिरा चढतं, पण लवकर सावरतं, मग गाडी पुढेमागे डोलत नाही. म्हणून फक्त मागच्या स्प्रिंगा मऊ करण्याच्या भरीला पडू नका.

टायरचा भागही मोठा आहे. २४५/३५ आर १९ ची बाजू ८६ मिमी उंच, २४५/४० आर १८ ची ९८ मिमी. बाहेरचा व्यास मात्र ६५४ आणि ६५३, स्पीडोमीटरला कळणारही नाही. रबराची ही १२ मिमी रस्त्याचे बारीक धक्के गिळते, जे कुठलाही शॉकअप गिळत नाही. १८ ची रिम ब्रेकच्या कॅलिपरवरून जाते का, ऑफसेट (रिम किती आत-बाहेर बसते ते) आणि मधलं भोक जुळतं का ते आधी तपासा. गाडीच्या पुस्तिकेत बहुधा सर्वांत लहान मान्य रिम दिलेली असते. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) पुस्तिकेतल्यापेक्षा कमी नको. सध्याचे टायर रन-फ्लॅट (हवा गेली तरी काही अंतर चालणारे) असतील तर त्यांची जाड बाजूच अर्धं दुखणं असू शकते, पण साधे टायर घातल्यावर पंक्चर किट आणि कंप्रेसर डिकीत हवाच.

काम करताना हमखास चुकतं ते असं. गाडी लिफ्टवर, चाकं लटकलेली, आणि मेकॅनिक कंट्रोल आर्मच्या (चाक गाडीला जोडणाऱ्या हाताच्या) बुशचे, म्हणजे त्यातल्या रबरी नळकांड्यांचे, बोल्ट तिथेच आवळून टाकतो. रबरी बुश त्या लटकलेल्या स्थितीत चिकटतो, गाडी खाली आली की कायम पिळलेला राहतो; राइड कडक होते आणि रबर लवकर फाटतं. ते बोल्ट चाकांवर वजन आल्यावरच, टॉर्क रेंचने, पुस्तिकेतल्या आकड्याला आवळायचे. तुमच्या आधीच्या मालकाकडे हेच झालं असण्याची शक्यता भरपूर आहे, म्हणून काही विकत घेण्याआधी बुशचे हे बोल्ट सैल करून, गाडी चाकांवर उभी करून, पुन्हा आवळून बघा. कुणी पॉलियुरेथेनचे बुश घातले असतील तर ते काढून रबराचे घाला. अँटी-रोल बारच्या टोकाला दोन भोकं असतील तर लिंक (बारला सस्पेन्शनशी जोडणारी छोटी दांडी) शेवटच्या, म्हणजे लांबच्या भोकात लावा; ते मऊ.

स्ट्रट खोलताना स्प्रिंग दाबून धरणारे कंप्रेसर समोरासमोर दोन, आणि स्प्रिंग माउंटपासून सुटी हलेपर्यंत वरच्या नटला हात नाही. उंची बदलली की अलाइनमेंट आणि हेडलाइटचा झोत दोन्ही पुन्हा लावून घ्या.