वाचकांचे प्रश्न : बर्फावरची ती लढाई

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत आहे. तिच्या आग्रहाखातर दिवाळीच्या सुटीत आम्ही ‘ट्वायलाइट’ या व्हॅम्पायरांच्या (रक्तपिपासू पिशाच्चांच्या) प्रेमकथेच्या मालिकेचे पाचही चित्रपट घरी बसून पाहिले. शेवटच्या भागात बर्फावर तुंबळ युद्ध होते, कार्लाइलसारख्या सज्जनाचे शिर धडावेगळे होते, मी डोळे पुसते न पुसते तोच कळते की यातले काहीच घडलेले नाही. मूळ कादंबरीत अशी लढाईच नाही, असे मुलगी सांगते. ही प्रेक्षकांची फसवणूक नव्हे काय?
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : आपल्या कन्येचे म्हणणे खरे आहे. स्टेफनी मेयर यांच्या २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चौथ्या कादंबरीत नायक एडवर्डचे कलन कुटुंब आणि व्हॅम्पायरांवर सत्ता गाजवणारे व्होल्टुरी हे दोन्ही पक्ष समोरासमोर उभे ठाकतात, वादविवाद होतो, साक्षी होतात आणि व्होल्टुरी मंडळी चुकीची खबर देणाऱ्या इरिनाचा तेवढा बळी घेऊन लढाईवाचून परत फिरतात. कादंबरीला हे परवडते, कारण तो भाग नायिका बेला स्वतः सांगते आणि आपल्या माणसांभोवती मनाचे अदृश्य कवच धरून ठेवताना तिची होणारी ओढाताण आपल्याला आतून कळते. पडद्यावर मात्र तेच दृश्य म्हणजे काळ्या झग्यातली आणि रंगीत कपड्यांतली माणसे बर्फात उभी राहून एकमेकांकडे टक लावून पाहत आहेत, एवढेच उरले असते. पटकथाकार मेलिसा रोझेनबर्ग आणि दिग्दर्शक बिल कॉन्डन यांनी त्या जागी लढाई घातली, ती माझ्या मते योग्यच होती.

आता फसवणुकीचा मुद्दा. नायक दचकून जागा होतो आणि आधीचे सारे स्वप्न ठरते, ही जुनी पळवाट मलाही खपत नाही, कारण त्या स्वप्नाने कथेतले कोणाचेच काही बदललेले नसते. येथे तसे नाही. कलन कुटुंबातल्या अॅलिसला भविष्य दिसते आणि व्होल्टुरींचा प्रमुख आरो याला नुसत्या स्पर्शाने समोरच्याच्या मनातले सगळे कळते, हे दोन नियम मालिकेने आधीच घालून दिलेले आहेत. इतकेच नव्हे, तर २००९ सालच्या दुसऱ्या चित्रपटात अॅलिस याच आरोच्या हाती हात देऊन बेलाचे भविष्य त्याला दाखवते आणि तिची सुटका करून घेते. शेवटच्या भागात तीच खेळी मोठ्या पटावर खेळली जाते. आपण पाहिलेली लढाई ही आरोने पाहिलेली लढाई आहे. तिच्यात त्याचे स्वतःचे मुंडके उडते आणि म्हणून तो माघार घेतो. कुरुक्षेत्रावर अर्जुनाला विश्वरूपाच्या मुखात भीष्म-द्रोण शिरताना दिसले आणि तो युद्धाला उभा राहिला. येथे पुढचे दिसल्यामुळे युद्ध टळते, एवढाच फरक. आरोची भूमिका करणाऱ्या मायकेल शीन यांचा त्या क्षणीचा चेहरा पुन्हा एकदा पाहावा. मालिकेतला सर्वांत चांगला अभिनय तोच आहे, हे मी बेला-एडवर्डच्या चाहत्यांचा रोष पत्करून लिहितो.

खरी लबाडी दुसरीकडेच आहे आणि ती आपल्या नजरेतून सुटली. अॅलिसची दृष्टी लांडग्यांवर, म्हणजे लांडग्याचे रूप घेणाऱ्या माणसांवर, चालत नाही, तशीच ती बेला-एडवर्डच्या अर्ध्या मानवी मुलीवर, रेनेस्मेवरही चालत नाही, हे कादंबरीत स्पष्ट आहे. चित्रपटातही आधीच्या भागात ती गर्भातले मूल आपल्याला दिसत नसल्याचे सांगते. मग ज्या दृश्यात लांडगे झेपावत आहेत आणि त्यांच्यातलाच जेकब रेनेस्मेला पाठीवर घेऊन पळत आहे, ते दृश्य तिला दिसले कसे? याचे उत्तर चित्रपट देत नाही. प्रेक्षकांना धक्का द्यायचा असेल तर लांडग्यांना वगळून चालणार नव्हते, म्हणून नियम सोयीने विसरला गेला. रागवायचेच असेल तर आपण यावर रागवावे.

प्रश्न : शेवटच्या भागातल्या त्या तान्ह्या मुलीचा, रेनेस्मेचा, चेहरा इतका विचित्र का दिसतो?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : कारण तो पुष्कळसा संगणकाने घडवलेला आहे. आधी त्यासाठी एक यांत्रिक बाहुली तयार केली होती. ती इतकी भयानक दिसली की तिला रजा द्यावी लागली. मग मॅकेन्झी फॉय या बालकलाकाराचा चेहरा लहानमोठ्या वयांच्या शरीरांवर बसवण्यात आला. मूल भराभर वाढते, असे कथेतच असल्यामुळे दुसरा सोपा मार्ग नव्हता, हे मान्य केले तरी परिणाम ओशाळवाणाच आहे. २०१२ सालच्या सर्वांत वाईट चित्रपटाचा ‘रॅझी’ हा थट्टेचा पुरस्कार याच चित्रपटाला मिळाला आणि जगभर ८० कोटी डॉलरहून अधिक कमाईही यानेच केली.

प्रश्न : हे व्हॅम्पायर उन्हात जळत नाहीत, नुसते चमकतात. मग ते नागपुरात राहू शकतील काय?
– एक विद्यार्थी, धरमपेठ, नागपूर

उत्तर : ऊन त्यांना मारत नाही, पण त्यांचे बिंग फोडते, म्हणून तर कलन कुटुंब अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातील फोर्क्स या गावी राहते, जेथे वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि आभाळ बहुतेक झाकलेलेच असते. आपल्याकडे त्याच्या जवळपास एक तृतीयांश पाऊस, तोही मुख्यतः चार महिन्यांत. आषाढ-श्रावण त्यांना कदाचित निभावता येईल. मे महिन्यात दुपारी बर्डीच्या बाजारात तोंडाला दुपट्टा आणि हातात पांढरे मोजे घालून निघालेल्या शेकडो दुचाकीस्वारांत एखादा कलन मिसळला, तर तो मला तरी ओळखू येणार नाही.